जावयाची लाल बिअर

आयर्लंडात साप नाहीत. संत पॅट्रिकने सगळे समुद्रात ढकलले, असं म्हणतात. मग आयत्या बिळावरचा हा नागोबा माझ्याच घरात कुठून आला, ते त्या संतालाच ठाऊक. नाव फिन्टन, गाव डब्लिन, नातं जावई. स्वतःचं घर घेण्यापुरते पैसे साठेपर्यंत म्हणून तो आणि माझी लेक ग्रोन्या टिपररीला माझ्याकडे राहायला आले, त्याला वर्ष झालं. मधल्या काळात त्यांना मुलगी झाली. साठलं म्हणाल तर बादल्या, नळ्या आणि रिकाम्या बाटल्या.

कारण साहेबांना घरी बिअर करायची होती. डब्यातल्या तयार पाकात पाणी घालून दोनदा केली, तेवढ्यावर हा स्वतःला उस्ताद समजायला लागला. आता म्हणे स्वतःची कृती बसवणार, आणि तीही आयरिश रेडची! आमच्याकडे लाल बिअर पितं कोण? पणजोबांचं थडगं शोधायला आलेले अमेरिकन. आमची माणसं काळी स्टाउट पितात.

"नोरीन, ऑगस्टात बाळाच्या बाप्तिस्म्याला माझीच बिअर द्यायची," तो म्हणाला. "आपल्या घरची."

"छान," मी म्हणाले. आपल्या म्हणे!

आठवडाभर त्याने माझं जेवणाचं टेबल अडवलं. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य. कुठे वाचलं की कॅरॅमल माल्टने गोडी येते, की घातला. कुठे वाचलं की अमुक माल्टला बिस्किटाचा वास असतो, की तोही घातला. एक फेसासाठी, एक रंगासाठी, एक चवीला 'खोली' यावी म्हणून. बिअर करत होता की विहीर खणत होता? असे नऊ प्रकारचे माल्ट झाले. तरी लाली चढणार नाही या धास्तीने वर भाजलेली बार्ली ओंजळीओंजळीने ओतली. अति तेथे माती, हे डब्लिनच्या महागड्या शाळांत शिकवत नसावेत. बादली ठेवली माझ्या बॉयलरच्या उबदार कपाटात, धुतलेल्या चादरींच्या मधोमध. पुढचे कितीतरी दिवस मी आंबलेल्या उशीवर झोपत होते.

एका रविवारी हर्लिंगची मॅच संपल्यावर बाटल्या उघडल्या. माझा भाऊ मॉसी आला होता, सोबत त्याचा शेजारी डिनी. मॉसीची जीभ अशी, की त्याने बिशपच्या प्रवचनालाही कधी सोडलं नाही. ग्लासातला रंग लाल कसला, गढूळ ओढ्याचा. मी घोट घेतला. खोकल्याच्या औषधात जळका टोस्ट बुडवला होता.

मॉसीने एक घोट घेऊन ग्लास खाली ठेवला. "छान झालीय हं, फिन्टन. खरंच छान."

"मेहनत घेतलीस रे," डिनी म्हणाला. "रंगसुद्धा... छान आहे."

मग दोघांना एकदम आपापल्या गाई आठवल्या. ग्लास भरलेलेच राहिले.

"बघितलंत?" फिन्टनचे पाय जमिनीवर नव्हते. "मॉसीमामांना आवडली! आता हीच कृती पक्की. बाप्तिस्म्याला साठ माणसांना पुरेल एवढी लावतो."

मी गप्प बसले असते. पण गावाने ती बिअर माझ्या गुलाबांना पाजली असती आणि नातीला म्हातारी होईपर्यंत त्यावरून चिडवलं असतं.

"फेकून दे ती," मी म्हणाले.

"अहो, पण ते छान म्हणाले!"

"म्हणूनच सांगतेय. अरे, इथे छान म्हणतात ते मेलेल्याला आणि परक्याला. मॉसीला आवडली असती ना, तर त्याने तुझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता आणि दुसरा ग्लास मागितला असता. आपल्या माणसाला कुणी छान म्हणतं का?"

त्याने ग्लास खाली ठेवला. आता रडतोय की काय, असं मला वाटलं. मग हळूच म्हणाला, "नोरीन, मी इथे आल्यापासून तुम्ही मला एकदासुद्धा शिवी दिली नाहीत. मी स्वयंपाक केला, छान. केस कापले, छान. परवा भिंतीला भलत्याच जागी भोक पाडलं, तेव्हाही तुम्ही छानच म्हणालात."

मूर्ख माणसाने बरोबर बोलावं, याचा मला फार संताप येतो. मी कपबश्या विसळायला घेतल्या. त्या विसळलेल्याच होत्या.

त्यानंतर तो टेबलावर पसारा न मांडता काम करायला लागला. एकेक माल्ट उचलायचा आणि याच्यावाचून काय अडेल, असं स्वतःशीच पुटपुटायचा. बहुतेकांवाचून काहीच अडत नव्हतं. शेवटी उरला साधा फिकट माल्ट, थोडासा कॅरॅमलचा आणि भाजलेली बार्ली एक मूठभर. कडवटपणासाठी लागणारी हॉप्सची फुलं नावापुरती.

जूनमध्ये मॉसी पुन्हा आला. त्याने ग्लास खिडकीशी धरला. आत स्वच्छ लाल रंग दिसत होता. तो प्यायला आणि ओरडला.

"हे काय रे? डब्लिनच्या नळाला याहून दाट पाणी येतं! शेतकऱ्याच्या भाचीशी लग्न केलंस आणि बार्ली घालताना हात आखडतोस, कंजुषा?" त्याने ग्लास रिकामा करून पुढे केला. "ओत अजून. नेमकं काय बिघडलंय, ते एका ग्लासात कळत नाही."

फिन्टनने ग्लास काठोकाठ भरला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "नोरीन, तुम्हाला?"

मी घोट घेतला. चांगली होती, मेली. आधी जराशी गोडी, शेवटी भाजल्याची कोरडी चव, आणि लगेच दुसरा घोट घ्यावासा वाटला. सवयीने 'छान' जिभेवर आलंच होतं. ते मी गिळलं.

"गाढवा," मी म्हणाले, "साठ माणसं यायचीत आणि तू ही चिमुकली बादली घेऊन बसलायस? माझ्या चादरी नासवल्यास, माझी भिंत फोडलीस. ते भोक कोण बुजवणार, तुझा बाप?"

गाढवाचे डोळे भरून आले. "उद्याच बुजवतो," तो म्हणाला.

"भोक पळून जात नाही. आधी मोठी बादली आण," मी म्हणाले आणि कपाटातल्या चादरी बाहेर काढायला उठले.