एकविसावी पुंगळी

यंदाचा बिडाचा तवा आर्विडकाकाने जिंकला.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. आमच्या गावच्या रायफल मंडळाच्या तीन जणांच्या समितीने ठराव केलाय की स्पर्धेचा निकाल विचाराधीन असून तो कुणीही तोंडी, लेखी किंवा खुणेने सांगू नये. ‘खुणेने’ हा शब्द खास माझ्यासाठी घातला. ठराव चालू असताना मी खिडकीबाहेर उभी राहून काकाला हवेतल्या हवेत पॅनकेक उलटून दाखवत होते. तेव्हा तवा कुणी जिंकला नाही. स्पर्धाच झाली नाही असं समजा. आपण त्याआधीच्या सोमवारपासून सुरू करू.

मी काका-काकूंकडेच राहते. सोमवारी सकाळी काका गॅरेजमधून ओरडला, “डॅग्नी! एकोणीस!”

मी बाहेर गेले. काका ठोकळ्यासमोर उभा होता. ठोकळा म्हणजे वीस भोकं पाडलेला अक्रोडाच्या लाकडाचा तुकडा, आणि भोकांत त्याच्या वडिलांच्या वीस पितळी पुंगळ्या, म्हणजे रायफलच्या काडतुसांची रिकामी टोपणं. प्रत्येकीच्या बुडावर कोंबडीचा शिक्का. तो कारखाना एकोणीसशे अठ्ठेचाळीस साली बंद पडला. कोंबडीछाप पुंगळी त्यानंतर पूर्व मोंटानात कुणी जन्माला घातलेली नाही. काका वर्षातून एकदाच त्या दारू-गोळी घालून भरायचा, स्पर्धेत झाडायचा, घासूनपुसून परत ठोकळ्यात उभ्या करायचा.

विसाव्या भोकात सेजच्या झुडपाची काडी होती.

“ही कोणी लावली?”

“मी नाही,” मी म्हणाले. “मी लावली असती तर पाणी घातलं असतं.”

काका हसला नाही. स्पर्धा शनिवारी होती आणि मंडळाचा नियम नऊ असा: वीस बार, घरी स्वतः भरलेले, सगळ्या पुंगळ्या एकाच शिक्क्याच्या, आणि तो शिक्का महिनाभर आधी अर्जात लिहून द्यायचा. काकाने लिहून दिलं होतं, कोंबडी. एक पुंगळी कमी म्हणजे काका प्रेक्षकांत.

प्रेक्षकांत बसणं एरवी त्याला चाललं असतं. पण गेली सहा वर्षं तवा थोराकाकू जिंकत होती, आणि थोराकाकू त्याचीच बायको आहे. तवा वर्षभर जिंकणाऱ्याकडे राहतो. त्याच्या बुडावर खिळ्याने विजेत्याचं नाव कोरतात. दर रविवारी काकू पॅनकेक करायला तवा काढते, चुलीवर ठेवण्याआधी उलटा करते आणि “बूड स्वच्छ आहे ना बघते हं,” असं म्हणून मोठ्यांदा वाचते. थोरा. थोरा. थोरा. थोरा. थोरा. थोरा. मग काका खातो. सहा वर्षं माणूस स्वतःच्या पराभवावर भाजलेलं खातोय.

“बादलीत गेली असणार,” काका म्हणाला.

गॅरेजमध्ये चार बादल्या होत्या. रेंजवर लोक बार काढून निघून जातात आणि काका मागून वाकून वाकून पुंगळ्या वेचतो. लग्नात अक्षता पडल्यासारख्या पडलेल्या असतात त्या. पडलेली पुंगळी वेचेल त्याची, हा आमच्याकडचा कायदा आहे. साधारण बारा हजार असतील, सगळ्या जातीच्या, धुळीसकट.

मंगळवारी आम्ही तिघं निवडायला बसलो. काकूसुद्धा. मी विचारलं, “काकू, तू शत्रूला मदत करतेस?”

“मला त्याला मैदानात हरवायचंय. गॅरेजमध्ये हरवून काय मजा?”

निवडणं म्हणजे तांदूळ निवडण्यासारखंच, फक्त खडे आणि तांदूळ दोन्ही ठेवायचे असतात. आधी चुंबक फिरवायचं. लोखंडी असतील त्या उड्या मारून चिकटतात, त्या भंगारात. मग चाळण्या. मग जे उरेल ते हाताने: बूड उलटं करायचं, शिक्का वाचायचा, काकूच्या मफिनच्या साच्यातल्या योग्य वाटीत टाकायचं. या साच्यांत आमच्या घरी मफिन कधीच झाले नाहीत. पितळ घरात आणायला मात्र काकूची बंदी आहे. काकाने एकदा धुतलेल्या पुंगळ्या ओव्हनमध्ये वाळत टाकल्या, सांगायचं विसरला, आणि पाद्रीबाबांच्या वाढदिवसाच्या चेरी घालून भाजलेल्या ‘पाय’मध्ये एक निघाली. पाद्रीबाबा म्हणाले, “बी काढायची राहिली वाटतं.” तेव्हापासून पितळ गॅरेजमध्ये.

बारीक पुंगळी मध्यम पुंगळीत शिरून बसते, मध्यम जाडीत. अशा तिहेरी आपण सोडवायच्या, नाहीतर भरायच्या यंत्रात अडकून काकाच्या तोंडून बायबलमधली नावं निघतात. संध्याकाळपर्यंत बोटं काळी झाली. मला एक दात सापडला, माणसाचा. काकाने तो वाटीत टाकला.

“शिक्का नाही त्याला,” मी म्हणाले.

“म्हणून किरकोळमध्ये टाकला,” काका म्हणाला.

कोंबडी सापडली नाही. काकाने गॅरेजला नवं कुलूप लावलं. किल्ल्या दोन, एक त्याच्या गळ्यात, एक काकूच्या जुडग्यात.

बुधवारी सकाळी अठरा. रिकाम्या भोकात निळं बटण होतं.

काकाने बटण बघितलं. मग काकूच्या निळ्या स्वेटरकडे बघितलं. स्वेटरला वरून तिसऱ्या ठिकाणी दोरा लोंबत होता.

“थोरा,” तो फार हळू म्हणाला, “किल्ली तुझ्याकडे. बटण तुझं.”

“अरे वा! म्हणजे मी चोरी करायला आले आणि जाताना बटण तोडून ठेवून गेले? पत्ता लिहायचा राहिला वाटतं!”

“मी आरोप करत नाही.”

“मग काय करतोस?”

“मोजतोय.”

त्या दिवशी जेवणात बटाट्याची लेफ्से, म्हणजे पातळ पोळी होती, आणि कुणी कुणाला लोणी दिलं नाही. काकाच्या आरोपांना आमच्या घरात इतिहास आहे. एक्याण्णव साली अशाच सात कोंबड्या गेल्या होत्या, आणि काकाने त्या आपल्या धाकट्या भावाने, म्हणजे माझ्या बाबांनी, घेतल्या असं ठरवलं. बाबा अजून नाताळला येतात, पण गॅरेजमध्ये पाऊल टाकत नाहीत. भेटवस्तू खिडकीतून देतात.

गुरुवारी सतरा. भोकात सशाची लेंडी.

काका बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग घरात गेला आणि काकूसमोर टोपी काढून उभा राहिला. “थोरा, हे मात्र तू करणार नाहीस.”

“आभारी आहे,” काकू म्हणाली. “पस्तीस वर्षांत एवढं कौतुक केलं नव्हतंस.”

तिने मग पॅनकेकच्या पिठाचा डबा उचलला, गॅरेजमध्ये गेली आणि ठोकळ्याखालच्या फळीवर, जमिनीवर, दारापर्यंत पीठ भुरभुरवलं. दिवाळीची रांगोळी घालावी तसं, फक्त नक्षी नाही.

शुक्रवारी सकाळी सोळा. भोकात काकाच्या कानातल्या यंत्राची बॅटरी होती, जी तो जूनपासून शोधत होता. आणि पिठात पावलं होती. चार बोटांची, नाजूक, फळीवरून खाली, जमिनीवरून थेट बंद पडलेल्या जुन्या फ्रीजरच्या मागे.

“सौदागर!” काका ओरडला.

सौदागर म्हणजे आमच्याकडचा झुपकेदार शेपटीचा उंदीर. चकचकीत दिसलं की उचलतो, पण फुकट उचलत नाही. तोंडात आधीच काही असतं, ते ठेवतो आणि नवं घेतो. व्यवहाराला चोख. वाईट एवढंच की भाव तो एकटाच ठरवतो.

फ्रीजर आम्ही तिघांनी ओढला. मागे कमरेएवढा ढीग: काड्या, हाडकं, चमचे, काकूचं हरवलेलं घड्याळ, निवडणुकीचे बिल्ले. या उंदरांचं घर पिढ्यान्‌पिढ्या तेच असतं, वर नवा मजला चढत जातो. माथ्यावर, ताज्या, झळझळीत, चार कोंबड्या ओळीत.

“बघा,” मी म्हणाले, “आम्ही दिवसभर बारा हजार निवडल्या. याने एकट्याने शिक्का वाचून निवडल्यात.”

काका मात्र खाली उकरत होता. एकदम थांबला. हातात आणखी कोंबड्या आल्या, हिरव्या-काळ्या. एक, दोन, सहा. सातवी तंबाखूच्या जुन्या डबीत होती, झाकण अर्धं लागलेलं. काका जमिनीवरच बसला.

मग त्याने गळ्यातली किल्ली काढली, कशासाठी ते त्यालाही कळलं नाही, पुन्हा घातली, आणि भिंतीवरचा फोन उचलला. “नेल्स? आर्विड. तू चोर नाहीस.”

पलीकडून बाबांचा आवाज मलाही ऐकू आला. “हे मला बत्तीस वर्षं माहीत आहे.”

“मला आत्ता कळलं.”

“कोण होता?”

“उंदीर.”

मग बाबा म्हणाले, “माझ्यासारखा दिसतो का?” आणि काका इतका हसला की त्याला खोकला आला आणि काकूला पाणी आणावं लागलं.

काका पुंगळ्या उचलायला लागला तेव्हा काकूने त्याचा हात धरला. “तो देऊन घेतो. तूही देऊन घे.” म्हणून काकाने मफिनच्या साच्यातल्या घासून चमकवलेल्या अकरा पिस्तुलाच्या पुंगळ्या मोजून माथ्यावर मांडल्या. अकराला अकरा. मग फ्रीजर परत जागेवर.

उंदराच्या मुताने पितळ आतून ठिसूळ होतं. डबीबाहेरच्या सहा पुंगळ्या काकाने भिंगाखाली धरल्या आणि एकेक करून किरकोळमध्ये टाकल्या. डबीतली कोरडी होती, भिंगात काही दिसेना. पण भिंगाला बारीक चीर दिसत नाही, ती ऐकावी लागते. पुंगळ्या मुठीत घेऊन खुळखुळवायच्या. चांगल्या किणकिणतात, चिरलेली खडखडते. आणि पन्नास वर्षं बंदुका वाजवून काकाचे कान गेलेले. माझ्या कानाला दोन्ही सारख्याच. आमच्या घरात तो कान एकच आहे, आणि तो थोराकाकूच्या डोक्याला आहे.

काकाने पुंगळी तिच्या तळहातावर ठेवली. “वीस तर झाल्याच आहेत,” तो म्हणाला. “पण एक जादा असावी.”

काकूने ती आणखी तिघींबरोबर मुठीत घेतली. खुळखुळवली. डोळे मिटून परत खुळखुळवली. ‘खडखडते’ एवढं म्हणाली असती तर संपलं असतं, आणि कुणाला कधी कळलं नसतं. मी तिच्याकडे बघत होते. काका तिच्याकडे बघत नव्हता, तो आधीच भरायच्या यंत्राचं झाकण पुसत होता.

“देवळातल्या घंटेसारखी आहे,” काकू म्हणाली. “भर.”

शनिवारी जी स्पर्धा झाली नाही, तिला बाबा आले, गॅरेजमधून काकाची रायफल स्वतः उचलून घेऊन. वीस बारांनंतर काकाचे एकशे त्र्याऐंशी गुण, काकूचे एकशे त्र्याऐंशी. बरोबरी झाली की प्रत्येकी आणखी एक बार, त्याच शिक्क्याचा. अशी बरोबरी मंडळात पूर्वी झाली नव्हती. काकूने खिशातून एकविसावा काढला आणि नऊ घेतले. काकाने खिशातून एकविसावा काढला.

“आर्विड,” काकू त्याच्या त्यातल्या त्यात चांगल्या कानाशी म्हणाली, “पापणी लववू नकोस. तू लववतोस.”

दहा. मधोमध.

काकूने टोपी फेकली, बाबांनी मला उचललं, आणि मी तेवीस वर्षांची आहे. तेवढ्यात मंडळाचा चिटणीस मर्ल स्टोर्डाल नियमांची वही घेऊन आला. मर्ल निवृत्त पोस्टमास्तर आहे. आयुष्यात त्याने अपुऱ्या तिकिटाचं एक पत्र सोडलेलं नाही.

“नियम नऊ, पोटनियम क,” तो म्हणाला. “पुंगळी स्वतःची, विकत घेतलेली किंवा रीतसर बदल्यात मिळालेली असावी. ही एकविसावी बत्तीस वर्षं उंदराकडे होती.”

“बदल्यात अकरा दिल्या मी!”

“व्यवहारावर दोघांची सही लागते. शिवाय मूळ उंदीर वारला असणार. वारस कोण?”

“वारसच तर राहतो तिथे!”

“सिद्ध कर.”

म्हणून निकाल विचाराधीन. समितीला तवासुद्धा जप्त करायचा होता, पण ते रविवारी सकाळी घरी आले तेव्हा तवा गरम होता. काकू हात घडी घालून टेबलापाशी बसली होती. “नियम अकरा,” तिने मर्लला सांगितलं, “तवा ज्याच्याकडे, रविवारचा नाश्ता त्याच्याकडे. सहा वर्षं मी पाळला.” काका एप्रन घालून चुलीपाशी उभा होता. पहिला पॅनकेक काळा झाला होता, दुसरा दुमडला होता. समितीतल्या तिघांनी तीन-तीन खाल्ले. तव्याच्या बुडावर ताज्या खिळ्याने सातवं नाव कोरलेलं होतं, आणि अक्षर थोराकाकूचं होतं.

समितीला आम्ही जोडपत्रासह पाठवलेला अर्ज खालीलप्रमाणे:

मा. चिटणीस यांस, विनंती की, सोबत जोडलेल्या फळीवर पॅनकेकच्या पिठात उमटलेला उजव्या पुढच्या पंजाचा ठसा दुसऱ्या पक्षकाराची सही म्हणून ग्राह्य धरावा. सदर पक्षकारास मागील तारखेने मंडळाचे सभासदत्व देऊन त्याची वार्षिक वर्गणी सेजच्या काडीच्या रूपात स्वीकारावी. आणि पुढील सभेस त्यास प्रत्यक्ष हजर राहणे गैरसोयीचे असल्याने, सभा आमच्या फ्रीजरच्या मागे घेण्यात यावी.