दुसऱ्याचं मत

बाईंची नजर एकदम गेली नाही. आधी फळ्यावरची अक्षरं पुसट झाली, मग बायबलच्या पानावरची, आणि शेवटी समोर बसलेल्या सुनेचा चेहराही धुक्यात गेला. जन्मभर शाळेत शिकवलेलं. त्यामुळे अर्धं गाव त्यांच्या हाताखाली शिकलेलं होतं, आणि उरलेलं अर्धंही त्यांना ‘बाई’च म्हणे. डोळे गेले तरी जिभेची धार तशीच होती. “दिसत नाही मला, पण ऐकू येतं,” असं त्या बजावायच्या, आणि घरात कुणी नुसता सुस्कारा टाकला तरी कशाबद्दल म्हणून विचारायच्या.

घराच्या पुढच्या खोलीत सुनेचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. सैल झालेला कोट आवळून दे, थोरलीचा फ्रॉक धाकटीच्या मापाचा कर, असली कामं. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. मधूनच कधीतरी दारात उभा राहायचा, आणि पाच वर्षांची लेक त्याच्याकडे परक्या पाहुण्याकडे बघावं तशी बघायची.

त्या वर्षी नगराध्यक्षाची निवडणूक लागली आणि सगळं गाव एका डोंगरावरून भांडायला लागलं. गावामागच्या त्या डोंगरावर दाट झाडी होती, झाडीत झरा होता, आणि खालच्या सगळ्या गल्ल्यांना त्याच झऱ्याचं पाणी येई. एक उमेदवार होता ठेकेदार. त्याला तिथे दगडाची खाण काढायची होती. हा ठेकेदार बाईंच्याच मंडळीतला, दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारा. दुसरी उमेदवार डॉक्टरीण. डोंगराला हात लावू देणार नाही म्हणून ती कंबर कसून उभी होती. ती मात्र देवधर्माच्या वाटेला कधी जात नसे आणि हे लपवतही नसे.

मतदानाच्या आधीच्या रविवारी चर्चच्या पाळकांनी बायबलमधल्या कारभाऱ्याच्या गोष्टीवर प्रवचन केलं. जे हातात आहे ते आपलं नाही, सांभाळायला दिलेलं आहे, आणि धनी एक दिवस येऊन हिशेब विचारणार आहे, एवढंच त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. सुनेला तर लख्ख उजाडल्यासारखं झालं. डोंगर कुणी केला, झरा कुणी दिला, आणि आपण तो फोडायला निघालो! उपासना संपल्यावर अंगणात मंडळीचे एक पंच हात धुवून सगळ्यांच्या मागे लागले होते, “आपला माणूस उभा आहे, आपलं मत आपल्या माणसाला.” सून त्यांना म्हणाली, “काका, डोंगरही आपलाच आहे ना?” पंच ऐकलं न ऐकलं करून पुढच्या माणसाकडे वळले.

घरी आल्यावर चहाचा कप चाचपत बाई म्हणाल्या, “यंदा मतदानाला मला तू ने. शिक्का तुलाच मारावा लागेल.”

“नेईन की. कुणाला द्यायचंय?”

“ठेकेदाराला.”

सून बघतच राहिली. “आई, तुम्हीसुद्धा? आपला माणूस म्हणून?”

“कसला आपला! वर्गात शेजारच्याचं बघून लिहायचा तो, आणि शेजारचा चुकला की हाही बिनदिक्कत चुकायचा. त्याच्या भक्तीला मी मत देत नाहीये.”

“मग?”

“खाण निघाली की ट्रक लागतील, ट्रकला ड्रायव्हर लागतील. माझा मुलगा रोज संध्याकाळी घरी जेवेल.” बाईंनी कप खाली ठेवला. “गेल्या खेपेला तो आला तेव्हा पोर पडद्यामागे जाऊन लपली. सख्ख्या बापाला बघून! मला दिसलं नाही, पण पडद्याच्या कड्या वाजल्या त्या ऐकल्या मी. डोंगर सांभाळायला दिलाय म्हणतेस, मान्य आहे. आणि ही पोर कुणी दिलीय? तुझा संसार कुणी दिलाय?”

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती मागे हटणाऱ्यातली नव्हती. “आणि आई, बाप घरी आला आणि नळाला पाणीच नसलं तर?”

“भांड हो, भांड,” बाई म्हणाल्या. “पण मी सांगितलंय ते ध्यानात ठेव.”

दोघींचं बायबल एकच. रोज सकाळी सून वाचायची आणि बाई ऐकायच्या. त्या एकाच पानातून एकीला डोंगर दिसला आणि दुसरीला घर, आणि कोण चुकलं ते सांगायला मध्ये तिसरं कुणी नव्हतं.

शेजारच्या दुकानात फुलवाली बसायची. डॉक्टरणीची कट्टर पाठीराखी. तिच्या कानावर हे गेलं तेव्हा ती हसतच सुटली. “अगं वेडाबाई, रडतेस काय? त्यांना दिसतं कुठे? शिक्का तूच मारणार ना? देवाने तुझ्या हातात दोन मतं दिलीत!”

“भलतंच काय बोलतेस,” सून म्हणाली खरी, पण काटा रुतला तो रुतलाच. शिवणयंत्रावर बसली की तेच डोक्यात यायचं. एका म्हाताऱ्या बाईचं एक मत एकीकडे आणि एवढ्या गल्ल्यांचं पाणी दुसरीकडे. त्यात आपला काय फायदा? काहीच नाही. उलट देवाची ठेवच राखली जाईल. पापाला एखादं चांगलं कारण मिळालं की ते केस विंचरून, धुतलेले कपडे घालून दारात उभं राहतं, आणि मग त्याला आत घ्यावंसंच वाटतं.

दुसऱ्या दिवशी पाळक आपला झगा न्यायला आले. बाह्या आखूड करायला टाकला होता. सुनेने तो घडी घालता घालता विचारलं, “पाळकसाहेब, कुणाला मत द्यावं हो?”

“ते मला विचारू नकोस. व्यासपीठावरून सांगितलं नाही ते दुकानात कशाला सांगू?”

“बरं, मग दुसरं विचारते. चांगल्या कामासाठी थोडी लबाडी केली तर?”

पाळकांनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं, पण ते खोलात शिरले नाहीत. “हा झगा तुझ्याकडे आठवडाभर होता. तुला वाटलं असतं की निळा रंग मला जास्त शोभेल, तर रंगवून दिला असतास?”

“छे! असं कसं?”

“आणि खरंच शोभला असता तर?”

“तरी नाही. तुमचा आहे तो.”

“झालं तर,” असं म्हणून त्यांनी झगा अंगात चढवला आणि हात लांब केले. “एक बाही अजून लांबच आहे गं.” आपण तिला काय दिलं हे त्यांच्या गावीही नव्हतं. सून मात्र ती बाही परत उसवताना ‘तुमचा आहे तो’ हे स्वतःशीच पुन्हा म्हणाली.

मतदान बाईंच्या जुन्या शाळेतच होतं. बाईंना पाहून रांगेतली माणसं आपण होऊन बाजूला झाली. टेबलामागच्या अधिकाऱ्याने सुनेकडून एका कागदावर सही घेतली. मतदार सांगेल तसाच शिक्का मारीन आणि कुणाला सांगणार नाही, असं वचन होतं ते. मग दोघी पडद्याआड गेल्या. बाईंनी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि एकच शब्द उच्चारला, “ठेकेदार.”

मतपत्रिका समोर पसरलेली. वरच्या चौकटीत ठेकेदार, खालच्या चौकटीत डॉक्टरीण. मधे बोटभर अंतर. सुनेने शिक्का हातात घेतला. बाईंनी तिच्या दंडाला धरलं होतं, पण अगदी सैल. त्यात काही तपासणी नव्हती. सून मनात म्हणाली, प्रभू, डोंगर तुझा आहे, त्याचं तू बघ. हे एवढं मत तेवढं माझ्या हातात दिलंस. आणि तिने वरच्या चौकटीत शिक्का मारला, स्पष्ट, जरासुद्धा चौकटीबाहेर न जाता. कागदाची घडी करून ती बाईंच्या हातात दिली. बाईंनी ती स्वतः पेटीत सोडली. मग सून परत पडद्याआड गेली आणि आपल्या मतपत्रिकेवर तिने डॉक्टरणीला मत दिलं.

घरी येताना रस्त्यावर तिला राहवलं नाही. “आई, मला मोह झाला होता.”

“माहीत आहे. दोन दिवस तुझं यंत्र दोन टाके घालत होतं आणि थांबत होतं.”

“तरी मलाच नेलंत? पंचांच्या बायकोने तर गाडी पाठवते म्हणून सांगितलं होतं. तिचं आणि तुमचं मतही एकच होतं.”

“म्हणून तर तिला नको म्हटलं,” बाई म्हणाल्या. “ती माझ्या प्रत्येक बोलण्याला मान डोलावते. तू तोंडावर नाही म्हणालीस. जी तोंडावर नाही म्हणते, तीच माझं हो जपेल. इतकी वर्षं शाळेत काय गवत उपटत होते का मी?”

सून हसली, आणि भर रस्त्यात तिला रडूही आलं.

निकाल लागला. ठेकेदार निवडून आला, डॉक्टरीण आपल्या वॉर्डातून निवडून येऊन विरोधी बाकावर सदस्य म्हणून गेली. त्या दिवशी सुनेने दुकान उघडलंच नाही. बाई एक शब्दही टोचून बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी काठी मागितली. “चल. नगरपालिकेच्या पुढल्या सभेला गावकऱ्यांना बसू देतात का, विचारून ये.”

“आता काय उपयोग, आई?”

“मत दिलं म्हणजे सुटले असं वाटतं का तुला? उलट आता अडकले. तो जे करेल त्यात माझा हात आहे.”

सभेच्या दिवशी दोघी मागच्या बाकावर बसल्या. खाणीचा विषय निघाला तशा बाई काठी टेकून उभ्या राहिल्या. “अध्यक्ष,” त्यांनी हाक मारली, आणि एवढा मोठा ठेकेदार खुर्चीतून ताडकन उभा राहिला. सगळं सभागृह हसलं. तोही ओशाळून हसला, पण बसला नाही.

“मी तुला मत दिलंय,” बाई म्हणाल्या. “माझ्या सुनेने दिलेलं नाही, हे तिच्याच परवानगीने सांगते. तेव्हा तुला जाब विचारायचा अधिकार तिच्याहून माझा मोठा. कामं आण. पण झरा आटला तर मी देवाला काय सांगू? तुझं नाव सांगू?”

तेवढ्यात डॉक्टरीण उठली. डोंगराच्या मागच्या बाजूचा उतार उघडा आहे, तिथेही दगड आहे, रस्ता लांब पडेल आणि खर्च वाढेल, पण झरा आणि झाडी वाचेल, असं तिने सांगितलं. ठेकेदाराने टेबलावरचा डोंगराचा नकाशा पुढे ओढला आणि कपाळाला आठ्या घालून मागच्या उतारावर बोट फिरवलं. शेवटी म्हणाला, “जमेल. नफा कमी होईल, पण जमेल.”

“मोठ्याने,” बाई म्हणाल्या. “मागच्या बाकावर ऐकू येत नाही.”

त्याने परत मोठ्याने सांगितलं आणि कारकुनाने ते लिहून घेतलं.

पावसाळा उलटल्यावर खाणीच्या हद्दीची आखणी सुरू झाली. नवऱ्याने खाणीत ड्रायव्हरच्या जागेसाठी अर्ज केला होता. उत्तर यायचं होतं, पण लक्षणं बरी होती. राखायच्या झाडांना पांढरे पट्टे मारायला माणसं डोंगरावर गेली, तेव्हा बाई हट्टाने निघाल्या, आणि त्यांच्यामागे सूनही. चढ बेताचाच होता. सून एकेका झाडापुढे थांबायची, हात धरून बाईंना बुंध्याचा ओला रंग दाखवायची आणि पुढे व्हायची.

“हे एक सोडलंय त्यांनी,” मधेच ती म्हणाली. “रेषेच्या आत आहे, पण पट्टा नाही.”

“मग गप्प का? हाक मार त्यांना.”

“तुम्ही मारा. तुमचा आवाज जास्त पोहोचतो.”

बाईंनी हाक मारली. वर चढलेला एक रंगारी डबा सांभाळत घाईघाईने खाली यायला लागला.