बर्फावरची निधी

अनुपमाबाईंनी एकदा नाही म्हटलं की अकोल्याच्या जठारपेठेतले ऑटोवालेसुद्धा पुढे घासाघीस करत नसत. त्यामुळे अमरावतीहून लेकीचा फोन आला आणि बाईंचा आवाज चढला, तसे त्यांचे यजमान हेमचंद्र वकील पेपर घेऊन गॅलरीत सरकले.

निधी अमरावतीत डॉक्टर होती. भारताचं अंटार्क्टिकात जे स्थानक आहे, तिथं वर्षभरासाठी डॉक्टर म्हणून तिची निवड झाली होती.

"वर्षभर? बर्फात? नाही," बाई म्हणाल्या.

निधीही त्यांचीच लेक. ती रडली नाही, भांडली नाही. "सोमवारी मले होकार कळवायचा आहे. तुझ्या मनाविरुद्ध जाणार नाही मी. पण न पाहताच काहून नाही म्हणतेस? एका खेळाची लिंक पाठवली. शाळेच्या पोरांसाठी आहे, तुले जमेल."

तुले जमेल! तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईला हे शब्द चांगलेच झोंबले. त्यांनी टॅब उघडला. पेंग्विनची अंडी पायांवर सांभाळा, सील ओळखा, अस्वल कोणत्या ध्रुवावरचं ते सांगा, हे सगळं त्यांनी एका सकाळीत निकालात काढलं. शेवटी एक प्रवास होता. प्रवाशाला कपडे घालायचे, घसरगाडीवर सामान लादायचं आणि ती ओढत जहाजापासून स्थानकापर्यंत बर्फातून चालवायचं. प्रवाशाचं नाव विचारलं, तेव्हा बाईंनी लिहिलं, निधी.

"ही जर सुखरूप जाऊन परत आली, तर आपली जाईल," त्यांनी नवऱ्याला बजावलं. "नाही आली, तर विषय संपला."

त्यांनी पोरीला जेवढे होते तेवढे कपडे चढवले. दोन स्वेटर, त्यावर जाड कोट, मफलर, माकडटोपी. अर्ध्या वाटेत ती बर्फात बसली ती उठलीच नाही. पडद्यावर अक्षरं आली: निधी थंडीने दगावली. पुन्हा प्रयत्न करा.

बाईंनी टॅब पालथा ठेवला.

"खेळ आहे तो, अनुपमा."

"माझ्या पोरीचं नाव आहे त्याच्यावर."

दुसऱ्यांदा त्यांनी आणखी एक कोट चढवला. पोरगी आधीपेक्षा लवकर गेली. मग गरम सूप दिलं, स्टोव्ह दिला, तरी तेच. कोपऱ्यात पाण्याचे थेंब भरत जाणारं एक चिन्ह होतं. पोरीला पाणी पुरेसं मिळतंय, एवढंच त्यातल्या त्यात समाधान. शनिवार असा गेला. रविवारी बाईंनी वरणभाताचा कुकर लावून दिला आणि पुन्हा टॅबपुढे बसल्या. हार मानली असती तर सोपं होतं, त्यांना नाहीच म्हणायचं होतं ना! पण मेलेली पोर तशीच बर्फात टाकून उठणं त्यांच्याच्यानं होईना.

भर दुपारी हेमचंद्र बाळापूरच्या पक्षकाराकडून स्कूटरवर परतले. मे महिन्यातलं ऊन. घामानं निथळत आले ते थेट कूलरसमोर हात पसरून उभे राहिले.

"अहो, घामाचे तिथं उभे राहू नका. घाम जिरू द्या आधी, थंडी भरेल अंगात."

लग्न झाल्यापासून दर उन्हाळ्यात त्या हे म्हणत आल्या होत्या. आज मात्र म्हणता म्हणता थांबल्या. ओला सदरा नवऱ्याच्या पाठीला चिकटला होता, त्यावर वारा लागत होता, आणि बाहेर सगळं अकोला भाजत असताना या माणसाच्या अंगावर काटा आला होता.

ते थेंब पाण्याचे नव्हतेच. घामाचे होते. ओझं ओढून पोरगी त्या कोटांच्या आत भिजत होती आणि वर ध्रुवावरचा वारा. तिला थंडीनं नाही, आपण मारलं. या विचारानं बाईंचे डोळे भरून आले, पण बोट चालायला लागलं होतं.

बर्फात लेकीच्या अंगावरचा कोट काढायचा, हे त्या बोटाला सहज पटेना. तरी काढला. चालताना एक लोकरीचा थर आणि वारा अडवणारं जाकीट, थांबली की लगेच कोट. वादळ आलं तेव्हा पुढे न रेटता तंबू ठोकला. थेंबांचं चिन्ह रिकामंच राहिलं. स्थानकाचं लाल छप्पर दिसलं, तेव्हा हेमचंद्र मागं उभे राहून श्वास रोखून बघत होते.

"पोचली," ते म्हणाले.

"परत कोण आणेल?" बाईंनी तोवर गाडी वळवली होती.

दिवेलागणीला पडद्यावरची निधी जहाजावर चढली. बाईंनी टॅब ठेवला आणि अमरावतीला फोन लावला.

"जा तू," त्या म्हणाल्या. "मले भीती वाटून राहिली, ती वाटतच राहील. पण जा."

मग निधी हळूच म्हणाली, "एक स्वेटर विणून देशील?"

"देईन. पण तिथं काम करताना काढून ठेवत जा."

"काय म्हणालीस?"

लहानपणी डिसेंबरात गल्लीभर निधीच्या मागं स्वेटर घेऊन धावणारी आई ती हीच.

"काढून ठेव म्हटलं. घाम येऊ देऊ नको अंगाला."

इतके दिवस न रडलेली निधी तेव्हा रडली.