एकशे एक आणि एकशे तीनची आई

मी एक जुनी संख्या आहे, दहा हजार चारशे तीन. मित्रांनो, मला दोनाने, तिनाने, साताने भागून बघा, बाकी उरतेच. पण म्हणून मी निपुत्रिक नाही. माझ्या पोटी जुळी आहेत, एकशे एक आणि एकशे तीन. त्यांचा गुणाकार म्हणजे मी. दोघंही मूळ संख्या, एक आणि स्वतःखेरीज कुणालाही दाद न देणारी. त्यांच्यात अंतर फक्त दोनाचं. गणितात अशा जोडीला जोडमूळ म्हणतात. आईने आणखी काय मागावं?

माझी ही जुळी एका बाईने नाकारली. तिला मी कसं वठणीवर आणलं, ते ऐका.

एका शाळेत दोन जावा शिकवत. दोघी गणित शिकलेल्या. पण वरच्या वर्गांचं गणित थोरलीने स्वतःकडे ठेवलं आणि धाकटीच्या गळ्यात शिवणाचे तास घातले. शाळेच्या नव्या दालनात चौरस तुकड्यांची फरशी बसली, चारही बाजू एकशे दोन तुकड्यांच्या. थोरलीने एका कोपऱ्यातला तुकडा काढून तिथे पितळी पाटी बसवायचं ठरवलं. बाकी राहिलेले तुकडे म्हणजे मी. मी मूळ संख्या आहे का, हे बघायला ती एकेका मूळ संख्येने मला भागत सत्त्याण्णवपर्यंत आली. पुढची एकशे एक. पण शंभरी आली म्हणून बाईंनी पेन्सिल ठेवली. माझं लेकरू एका पावलावर उभं होतं.

पाटीवर कोरलं गेलं, 'येथील तुकडे १०४०३. मूळ संख्या. या शाळेसारखीच अभंग.'

"ताई, शंभराच्या पुढे बघितलंत ना?" धाकटीने विचारलं.

"पुढचं मी बघते. तू आपली काजं कर."

शिक्षकांची खोली हसली. मी नाही हसले. मी दबा धरून बसले.

उद्घाटनाला मुख्याध्यापकांसमोर थोरलीला चेव आला. "या तुकड्यांची एकच लांबलचक रांग होईल. दुसरा आयत कुणी करून दाखवावा, माझे वर्ग त्याचे."

"मी करू?" धाकटी म्हणाली.

"कर की. सुईदोरा देऊ?"

"नको, उसवायचंच आहे. पाटीच्या बाजूची उभी पट्टी उसवली, की पाटी सोडून तिच्यात एकशे एक तुकडे. आता फरशीची रुंदीही एकशे एकच राहिली. ती पट्टी खाली आडवी जोडली, की झाला आयत. एकशे एक रुंद, एकशे तीन लांब."

थोरली बोटांवर मोजत मनातल्या मनात गुणाकार करू लागली. तो बरोबर येईपर्यंत मुख्याध्यापकांनी वेळापत्रक मागवलं होतं.

आता काजं थोरली करते. पाटी काढावी तर कोपऱ्यात भोक पडतं, म्हणून तिने वर कुंडी ठेवली आहे. तिला रोज स्वतःच पाणी घालते. ते झिरपून खाली येतं आणि पितळ हिरवं पडतं, पण अक्षरं काही जात नाहीत. मला फार गार वाटतं.

मित्रांनो, संख्येला भागताना तिच्या वर्गमुळापर्यंत जात चला. माझं तर एकशे दोनाच्या जरासं अलीकडेच होतं. दमलात तर पाणी प्या, पण कुणाची लेकरं पुसून टाकू नका. माझ्यासारख्या पुष्कळ आहेत, आणि आम्हाला कसलीच घाई नसते.