कार्डावरचा रुग्ण

टिजो सरांनी पोट धरले, डोळे मिटले आणि ते इंग्रजीत कण्हू लागले. समोरच्या खुर्चीत बसलेल्या शैनीला त्या कण्हण्यात काडीचाही रस नव्हता, कारण ते खोटे आहे हे तिला पहिल्या श्वासातच कळले होते. तिची नजर सरांच्या कॉलरपाशी दिसणाऱ्या काळसर, जाड झालेल्या कातडीवर थांबली होती.

"सर, रागावू नका," ती मल्याळममध्ये म्हणाली, "पण साखर शेवटची कधी तपासलीत?"

वर्गातल्या वीस मुली हसल्या. सर सरळ बसले. वयाने मोठ्या शैनीला सगळेच चेची, म्हणजे ताई, म्हणत.

"शैनीचेची, मी आत्ता तुमचा सर नाहीये. मी मिस्टर ब्राऊन. माझ्या पित्ताशयात खडे झालेत. कार्डावर तसं लिहिलंय."

"हो, पण ती मान..."

"मान मिस्टर ब्राऊनची नाहीये ना. कार्डाकडे बघा, माझ्याकडे नको. आता म्हणा, आय अंडरस्टँड हाऊ यू फील."

शैनीने कार्ड वाचले. मग अत्यंत प्रामाणिकपणे म्हणाली, "मला नाही समजत, सर. मला कधी खडे झालेच नाहीत."

"चेचीला आधी खडे होऊ देत, सर," मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले. "परीक्षा पुढच्या वर्षी देईल."

केरळातल्या पाला गावी एका रुग्णालयाच्या पुरुष कक्षात शैनीची बावीस वर्षे गेली होती. तिला परिचर्या येते की नाही, याविषयी परदेशी नोकरीसाठी परिचारिकांची इंग्रजीची परीक्षा घेणाऱ्यांनाही शंका नसावी. निदान तसा एकही प्रश्न त्यांनी तिला विचारला नव्हता. त्यांना हवे होते ते करुणेचे उच्चारण. त्यासाठी टिजो सरांनी चाळीस वाक्यांचा कागद छापून घेतला होता. सहानुभूतीची सात वाक्ये, धीर देण्याची पाच, रुग्णाला मध्येच थांबवण्याची तीन. गप्प राहण्यासाठीसुद्धा एक वाक्य होते, आणि ते मोठ्याने म्हणायचे होते. लेखी भागांत शैनी दोनदा उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली होती आणि दोन्ही वेळा बोलण्यात नापास. पहिल्या खेपेला, मूल दगावलेल्या आईचे सोंग घेतलेल्या बाईला तिने विचारले होते, "तुम्ही सकाळपासून काही खाल्लंत का?" बावीस वर्षे ती मृताच्या नातेवाइकांना हेच विचारत आली होती. त्या प्रश्नाला शून्य गुण असतात, हे तिला सरांनी नंतर समजावून सांगितले. समजावून झाल्यावरही तिला ते समजले नाही.

घरी तिची मुलगी आन्मरिया चुलीवरच्या टॅपिओकात उलथने फिरवत सरावासाठी म्हातारी रुग्ण झाली होती.

"नर्स, माझा पाय मोडला," ती इंग्रजीत किंचाळली.

"आय कॅन सी धिस इज डिफिकल्ट फॉर यू," शैनी कागदात बघत म्हणाली. मग कागद खाली ठेवला. "मोळे, मोडक्या पायाच्या माणसाला कोणी हे सांगतं का? त्याला माहीत नसतं का?"

"अम्मे, सांगतात. तिकडे सांगतात."

"आणि तो काय म्हणतो?"

"तो म्हणतो थँक यू. तू पुढे चल."

मुलगी हसत होती, पण भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी ती हल्ली वारंवार जाऊन उभी राही. नोव्हेंबरात तिला अठरा वर्षे पूर्ण होणार होती. त्याआधी कागदपत्रे झाली, तर आईच्या व्हिसावर तिला आयर्लंडला जाता येणार होते, त्यानंतर नाही. तिचे वडील वारून सहा वर्षे झाली होती. शैनी एकटी गेली, तर या घरात मुलगी एकटी उरणार होती. गेली नाही, तर दोघीही जन्मभर याच स्वयंपाकघरात म्हातारीचे सोंग घेत बसणार होत्या. तिसरी खेप हीच शेवटची होती.

"आणि हे बघा," परीक्षेच्या आदल्या दिवशी सरांनी तिला बाजूला घेऊन बजावले, "आत गेल्यावर कार्डाबाहेरचा एक शब्द नाही. रामपुरमच्या पोरीने उठताना परीक्षक बाईंना मल्याळममध्ये 'येते हं, चेची' म्हटलं. सगळा पेपर रद्द."

"निरोप घेतला म्हणून?"

"ओळख दाखवली म्हणून."

कोचीतल्या परीक्षाकेंद्राच्या थंडगार खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि लाल दिवा लागलेले ध्वनिमुद्रण यंत्र होते. समोरची परीक्षक बाई पस्तिशीची असावी. तिच्या छातीवरच्या बिल्ल्यावर नाव नव्हते. ४१७ हा आकडा होता. तिने कार्ड पुढे सरकवले. तापाने फणफणलेल्या मुलाची आई, इंजेक्शनला घाबरते. वेळ पाच मिनिटे.

बाई आई झाली आणि बोलू लागली. शैनीने वर पाहिले.

बाईच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा पडला होता. बोलता बोलता ती मनगट खाजवत होती, आणि तिथे आधीचे, खपली धरलेले ओरखडे होते. साडीच्या निऱ्या पोटाशी सैल पडल्या होत्या. अलीकडेच वजन उतरलेल्या बाईच्या पडतात तशा. बावीस वर्षांच्या नजरेला यापेक्षा अधिक पुरावा लागत नाही.

शैनीचे तोंड उघडले. लाल दिवा जळत होता.

"आय अंडरस्टँड हाऊ यू फील," ती म्हणाली.

पुढे सगळे आपोआप झाले. नसलेल्या मुलाच्या नसलेल्या तापाबद्दल तिने सहानुभूतीची चार वाक्ये वापरली, धीराची दोन आणि गप्प राहण्याचे ते एक. बाई कार्डाप्रमाणे शांत झाली. तिने दाराकडे हात केला. त्या हाताचा तळवाही पिवळा होता. शैनी उठली, दारापर्यंत गेली, वळली. दिवा अजून विझला नव्हता. ती बाहेर आली.

फाटकाशी बॅगा सांभाळणारा पहारेकरी होता. शैनी त्याच्यापाशी दीड तास थांबली. शेवटी त्यालाच विचारावेसे वाटले.

"चेट्टा, परीक्षक बाई कुठून बाहेर पडतात?"

"मागच्या दाराने. तुम्हाला दिसू नयेत म्हणून."

"एक निरोप द्याल? चारशे सतरा नंबरच्या बाईंना म्हणावं, यकृत तपासून घ्या. आजच्या आज."

पहारेकऱ्याने तिला नीट न्याहाळले. "कालच एकाने परीक्षकाला शाप पाठवला होता माझ्याहाती. तुमचा जरा सभ्य आहे."

"शाप नाही हो. खरंच आजारी आहे ती."

"पेपर वाईट गेला का, चेची?"

"चांगला गेला," शैनी म्हणाली, आणि आपल्या उत्तराचा अर्थ लावत बसस्थानकाकडे चालू लागली.

तीन आठवड्यांनी निकाल आला. आन्मरियाने तो अंगणात उभे राहून मोठ्याने वाचला. ती हसत होती, रडत होती, आयर्लंडात लिमरिकला असलेल्या मावशीला फोन लावत होती. शैनीने कागद हातात घेतला. उच्चार, ओघ, शब्दसंग्रह. त्याखाली एक ओळ: रुग्णाची स्थिती जाणून घेऊन त्यानुसार वागणे. तीनपैकी तीन. सगळ्यांत खाली परीक्षकाच्या रकान्यात ४१७.

"मोळे, हिचं नाव नाही का दिलेलं?"

"नाव कशाला देतील? अम्मे, आपण जातोय."

त्या दुपारी शैनीने परीक्षा संस्थेच्या चौकशी क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या मधाळ आवाजाने तिचे सगळे ऐकून घेतले. आपण तिची काळजी समजू शकतो, असे सांगितले. कळवल्याबद्दल आभार मानले. धीरही दिला. चाळीसपैकी तीन वाक्ये शैनीने क्रमाने ओळखली. परीक्षकांविषयी कोणतीही माहिती देता येत नाही आणि निरोप घेता येत नाही, हे चौथे वाक्य कागदावर नव्हते.

रविवारी प्रार्थनेआधी वेदीजवळच्या पेटीत आजाऱ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकायची त्यांच्या चर्चमध्ये रीत होती. धर्मगुरू कुरियन अच्चन चिठ्ठ्या एकामागून एक उलगडत होते. एलिकुट्टी. पोत्तन जोसेफ. तेक्केलच्या घरचे बाळ. प्रत्येक नावानंतर माणसे म्हणत, प्रभू, दया कर.

पुढची चिठ्ठी अच्चननी उलटून पाहिली. मागे काही नव्हते. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि बायकांच्या रांगांवरून नजर फिरवली. आन्मरियाने आईकडे पाहिले. शैनी समोर बघत उभी होती.

"चारशे सतरा," अच्चन म्हणाले.

मग सवयीने, एका सुरात, सगळे म्हणाले, प्रभू, दया कर. आणि अच्चननी पुढची चिठ्ठी उलगडली.