चौकटीतलं नाव

सेनबीने मोगरी थांबवली आणि परांचीवरून खाली उभ्या असलेल्या आपल्या मुलीला विचारलं,

“वाच बघू. काही दिसतंय का?”

तिने जेवणाचं गाठोडं काखेत सरकवलं आणि मान वर केली. खांबावर हेनुतरा राणीचं नाव ज्या लांबट चौकटीत कोरलेलं होतं, तिथे आता ठोके मारून खडबडीत केलेला दगड होता. नव्या राजाच्या हुकमाप्रमाणे ही राणी कधी झालीच नव्हती. तिची नावं पुसायला लावलेल्या पाथरवटांपैकी बऱ्याच जणांनी तरुणपणी तीच नावं कोरली होती. सेनबीनेही.

मुलीला अक्षरं म्हणजे राणीच्या नावाची तेवढीच येत होती. लहानपणी बापाने ती वाळूत बोटाने काढून शिकवली होती, कारण तिचं स्वतःचं नाव त्यांवरूनच ठेवलेलं होतं. हेनुतरा-अंख, म्हणजे हेनुतरा जगो. हुकूम आल्यावर गावातल्या अशा सगळ्या बायकांची नावं बदलली. मुकादमाने हिला तामीत, म्हणजे मांजर, करून टाकलं. गावाला आठवडाभरात सवय झाली. एरवी गल्लीच्या टोकावरून तिच्या नावाने ओरडत येणारा बाप मात्र तेव्हापासून तिला नुसतं ‘अगं’ म्हणू लागला.

ऊन तिरपं झालं होतं. ठोक्यांच्या खळग्यांत सावली भरली होती आणि त्या सावलीतून नावातली चित्राक्षरं, सूर्याची चकती, तिच्याखालची बसलेली बाई, एकेक आकार स्पष्ट वर आला होता. परांचीखाली मुकादम उभा होता.

“नाही,” ती म्हणाली. “काहीच नाही.”

“नीट बघ.”

“बघितलं. उतरा आता. बीअर गरम झाली की मलाच बोलाल.”

“तू केलेली बीअर गार काय नि गरम काय, चावूनच प्यावी लागते. गाळायला कधी शिकणार तू?”

मुकादम मोठ्याने हसला. सेनबी खांबाकडेच बघत होता. मग “बरं” म्हणून तो उतरला, आणि कांदा नि सुकी मासळी नेहमीपेक्षा सावकाश खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी परांचीचा दोर तुटला आणि सेनबी खाली पडून मेला. त्याला पुढचा खांब नेमून दिला होता, तरी इतरांच्या आधी येऊन तो कालच्याच खांबावर चढला होता.

“काय बघायला गेला होता, देव जाणे,” त्याचा भाऊ रुरू पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

 तिला माहीत होतं.

टिकावा म्हणून खारात ठेवलेला देह बाहेर निघाला, कापडात गुंडाळला गेला, डोंगरातल्या खोलीत उतरवला गेला आणि खोलीचं तोंड चिणलं गेलं. बायकांनी डोक्यात माती घालून घेतली. सेनबीला मुलगा नव्हता, तेव्हा पाणी मुलीनेच घालायचं ठरलं. रुरूने तिला बाजूला घेतलं.

“पाणी ओतायचं, त्याचं नाव घ्यायचं. मग आपण कोण ते सांगायचं. नाव घेणारं कुणी उरलं नाही तर माणूस तिकडेही उरत नाही. आणि अनोळखी हातचं तो घेणार नाही, आपलं नाव नीट सांगायचं. तामीत म्हण आणि मोकळी हो.”

“त्यांना तामीत कोण, ते माहीत नाही, काका.”

“माहीत नाही कसं? अख्खा गाव तुला...”

“गाव म्हणतो. त्यांनी एकदाही म्हटलं नाही.”

रुरूने मुकादमाकडे पाहिलं. तो भाजलेलं बदक घेऊन आला होता आणि रीतीप्रमाणे शेवटपर्यंत थांबला होता.

“मग नुसतं मुलगी म्हण,” रुरू कुजबुजला.

“या डोंगरात झोपलेल्या सगळ्यांनाच मुली आहेत.”

“अगं, जीभ कापतील तुझी. आणि ऐकलं म्हणून माझी.”

“तुमचे कान कापतील, काका. जीभ कशाला?”

रुरूच्या तोंडातून हसू फुटता फुटता राहिलं. त्याने खांद्यावरचं कापड तोंडावर धरलं आणि तो मागे सरला.

तिने घडा उचलला. पाणी तापल्या दगडावर पडलं आणि पसरायच्या आत दगडाने पिऊन टाकलं.

“सेनबी,” ती म्हणाली. बापाचं नाव तिने कधी तोंडाने घेतलं नव्हतं. ते कुणा परक्याचं वाटलं. ती थांबली, तिने घडा पुन्हा कलता केला. “तुम्हाला हजार रोट. हजार घडे बीअर, गाळलेली.”

मागे कुणीतरी खोकलं.

“हे तुमची मुलगी म्हणते आहे. हेनुतरा-अंख.”

बायकांचं रडणं थांबलं. रुरूने डोळे मिटून घेतले. मुकादम खाली वाकला आणि चपलेचा पट्टा बांधू लागला. पट्टा बांधलेलाच होता. तो बराच वेळ तसाच वाकून राहिला.

घड्यात तळाशी थोडं पाणी उरलं होतं. चिणलेल्या दारापाशी ती गुडघ्यांवर बसली आणि ओल्या दगडाला तळहात लावला.

“दिसत होतं, बाबा,” ती म्हणाली. “सगळं वाचता येत होतं.”