दुर्गाडीला टांगलेली होडी

मारुतीला जाऊन वर्ष झालं, आणि या वर्षभरात माझ्याशी कोणी भांडलेलं नाही. ऐकणाऱ्याला वाटेल, बाई सुखात आहे. पण मी चाळीस वर्षं वर्तकनगरात भांडत आलेली बाई आहे. पाण्यावरून भांडले, पार्किंगवरून भांडले, गणपतीच्या वर्गणीवरून तर दरवर्षी. आता सोसायटीचा सेक्रेटरी माझी तक्रार ऐकून नुसती मान डोलावतो. सून खारट आमटीला छान म्हणते. नवरा गेलेल्या बाईला सगळे जपून बोलतात, आणि मला ते जपणं सोसवत नाही.

होडी मारुतीची. रिटायर झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात, यानं इंजिनवाली फायबरची होडी घेतली आणि कोलशेतच्या बंदरावर ठेवली. मी त्याला वेड्यात काढलं, आणि मग नऊ वर्षं त्याच्याबरोबर हिंडले. आमच्या तीन होड्या. एक आमची. दुसरी कोलशेतच्याच भिवाशेठची, लाकडी, त्यांच्या आजोबांच्या घडणीची. भिवाशेठ इथले आगरी, खाडीवरच वाढलेले, आणि त्यांची बायको गोदा माझी मैत्रीण. तिसरी होडी ठाकुर्लीच्या विनीत आणि ऐश्वर्याची. ही दोघं चाळिशीतली, मोठागावच्या बंदरावरून आम्हाला येऊन मिळायची. भरतीबरोबर वर जायचं, कुठेतरी उतरून किल्ला नाहीतर देऊळ बघायचं, डबे खायचे आणि ओहोटीबरोबर परत यायचं. पंधरा दिवसांतला एक रविवार असा जायचा.

मारुती गेला आणि होडी बंदरावर ताडपत्रीखाली पालथी पडली. विनीत म्हणाला, "काकू, तुम्ही आमच्या होडीत या." गेले. चार वेळा गेले. खाली उशी, पाठीला उशी, हातात आयता चहा. लग्नात विहीणबाईंना बसवतात तशी मी बसायचे. आधी माझ्याशी कशाहीवरून वाद घालणारे भिवाशेठसुद्धा हळू आवाजात "वैनी, बरं हाय ना?" एवढंच विचारायचे. एकदा मी केळ्याची सालं मुद्दाम त्यांच्या होडीत टाकली. पूर्वी त्यांनी त्यावरून खाडी डोक्यावर घेतली असती. त्या दिवशी त्यांनी सालं गुपचूप उचलून ठेवली. मला रडू आलं.

पाचव्या वेळी मी सांगून टाकलं की माझी होडी मीच चालवणार. मोकळ्या पाण्यात मारुती सुकाणू माझ्या हातात द्यायचा, त्यामुळे अगदीच अडाणी नव्हते. विनीतनं आधी ऐश्वर्याकडे बघितलं.

"ठीक आहे काकू, एकदा बघू. नाही झेपलं तर आपली होडी आहेच."

मला समजलं. एक चूक झाली की मी पुन्हा उशीवर आणि होडी ताडपत्रीखाली, कायमची.

माघी पौर्णिमेचा रविवार होता. उधाणाची भरती, पाणी काठोकाठ. अकराच्या सुमारास कोलशेतहून निघालो. कशेळीच्या पुलाखालून जाताना वर ट्रक धडधडत होते आणि खाली तिवरांत बगळे आपापल्या कामात होते. मोठागावजवळ जलपर्णी लागली. मी इंजिन बंद केलं, पंखा वर उचलला, गुंतलेले देठ काढले आणि पुन्हा सुरू केलं. विनीत मागेच होता, हातभर अंतरावर, मला सांभाळत. मी वळून बघितलं की हसायचा. मला त्याचं हसणं टोचत होतं, पण ऊन सौम्य होतं, पाणी वर ढकलत होतं आणि सुकाणू माझ्या हातात होतं. खूप दिवसांनी मी मनापासून खूश होते.

दीडच्या सुमारास कल्याणला दुर्गाडी किल्ल्याखाली पोहोचलो. पाणी घाटाच्या वरच्या पायरीला टेकलं होतं. होडी मी स्वतः बांधली. नऊ वर्षांत हे काम मी कधी केलं नव्हतं, कारण पिशव्या घेऊन आधी उतरायचे ते मी आणि मागे राहायचा मारुती. त्याची बांधणी मला कधीच पटली नाही. दोरी ही लांब, सैल, पाण्यात लोंबकळणारी. "असं गबाळं काम करतोस," मी ओरडायचे. तो म्हणायचा, "राहू दे गं." घरात गादीची वळकटी असो की लाडवाचा डबा, मी बांधलेलं कधी सुटत नाही. मी होडीच्या टोकाची दोरी घाटावरच्या कडीतून घेतली, वितीएवढी ठेवली, तीन गाठी मारल्या आणि वर निघाले. भिवाशेठ आणि विनीत तोवर गोदाला हात देऊन पायऱ्या चढवत होते. कोणी मागे बघितलं नाही.

किल्ल्यावरून खाडी छान दिसते. ऐश्वर्यानं फोनवरून इतिहास वाचून दाखवला, गोदानं देवीची ओटी भरली. मग आम्ही पारनाक्यापर्यंत चालत गेलो, चहा प्यालो, गोदानं बांगड्या घेतल्या. दोन तास कसे गेले कळलं नाही.

साडेतीनला घाटावर आलो तर पाणी माणूसभर खाली गेलं होतं. भिवाशेठची आणि विनीतची होडी लांब दोरीवर खाली आरामात तरंगत होती. माझी होडी नाकाला टांगली होती. पुढचं टोक वर कडीला, मागचं इंजिनासकट चिखलात, आणि डबे, पाण्याच्या बाटल्या सगळं घरंगळून मागच्या कोपऱ्यात. गोदाचा बोंबलाच्या चटणीचा डबा उघडा पडला होता आणि एक कावळा त्यावर ताव मारत होता.

सैल दोरीचं कारण मला तेव्हा कळलं. पाणी उतरतं तशी होडी उतरायला जागा हवी, एवढं साधं. नऊ वर्षं मी त्या माणसाला गबाळा म्हणत आले, आणि त्यानं एकदाही समजावलं नाही. मला त्याचा राग आला. त्याहून जास्त लाज वाटली.

"असू दे काकू," विनीत मऊ आवाजात म्हणाला. "होतं असं. तुम्ही इथे पायरीवर बसा, आम्ही काढतो. आणि पुढच्या वेळेपासून आमच्याच होडीत या, निवांत."

ऐश्वर्यानं माझ्या हातातली पिशवी घेतली. पायरीवर तिनं स्वतःची ओढणीसुद्धा अंथरली. मी बसायला वाकले. खरंच वाकले.

"बसतेस कुठं?"

भिवाशेठ होते. लेंगा गुडघ्यावर ओढून ते चिखलात उतरले होते आणि माझ्या तीन गाठींकडे बघत होते.

"ही होरी हाय का बकरी हाय गो? खुट्याला बांधतात तशी बांधलीस! उधानाचं पानी, मानूसभर उतरतं, एवरं ठावं नाय? नऊ वर्सं काय डोले मिटून बसलेलीस?"

"अवो, हलू बोला," गोदा म्हणाली. "बायमानूस हाय."

"सुकान धरलं तवा बायमानूस नव्हती ती? इंजिनात चिखल गेला असंल तर कोन साफ करनार, मी? चल, उतर खाली. तुझी होरी, तू काढ."

विनीत म्हणाला, "काका, प्लीज, त्यांना कशाला..."

"तू गप रं."

मी ओढणीकडे बघितलं, मग सलवार वर खोचली आणि उतरले. चिखल गुडघ्यापर्यंत, गार आणि घाण वासाचा. आम्ही चौघांनी खांदा लावून होडीचं टोक उचललं तेव्हा कुठे दोरीवरचा ताण गेला. गाठी मी नखांनी सोडवल्या. त्या इतक्या घट्ट होत्या की दोन नखं तुटली, आणि सोडवताना भिवाशेठ माझ्या डोक्यावर उभं राहून बोलतच होते. माझ्या गाठीला, माझ्या शिक्षणाला, वर्तकनगरातल्या समस्त लोकांना. मग होडी ओल्या चिखलावरून ढकलत ढकलत पाण्यापर्यंत नेली. मी दोनदा पडले. कोणी उचललं नाही, कारण भिवाशेठनी डोळे वटारले होते.

"दोरी आन," ते म्हणाले. "बांध आता, मला दाखव."

मी बांधली.

"आखूड. परत."

मी पुन्हा बांधली.

"गाठ वाकरी. परत."

"वाकडी नाहीये," मी म्हणाले. "तुमची नजर वाकडी आहे. सकाळपासून तुमच्या इंजिनाचा धूर माझ्या नाकात जातोय, त्याबद्दल मी काही बोलले का?"

"धूर? माज्या इंजिनाला धूर?"

आणि आम्ही भांडलो. चिखलात उभं राहून, घाटावरच्या लोकांसमोर, चांगली दहा मिनिटं. धुरावरून सुरू केलं आणि चार वर्षांपूर्वी घोडबंदरला कोणामुळे उशीर झाला होता तिथपर्यंत गेलो. ऐश्वर्या घाबरून एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. गोदा पायरीवर बसून शांतपणे नव्या बांगड्या चढवत होती. भांडताना माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते चिखलाच्या हातांनीच पुसत होते.

"काकू, लागलं का त्यांचं बोलणं?" ऐश्वर्यानं हळूच विचारलं.

"नाही गं," मी म्हणाले. "बरं वाटतंय."

इंजिन चौथ्या झटक्याला सुरू झालं. माझ्यासाठी विनीतनं आपल्या होडीत उशी ठेवलीच होती. मी ती उचलून त्याच्याकडे परत फेकली आणि माझ्या होडीत चढले. त्यानं ती झेलली, आणि या वेळी तो नेहमीचं जपून हसणं हसला नाही, खरंखुरं हसला.

ओहोटीबरोबर होड्या आपसूक खाली सरकत होत्या. भिवाशेठ पुढे, मी मधे, विनीत बराच मागे. मोठागावचा पूल समोर दिसू लागला आणि ऊन पाण्यावर तिरपं आलं. भिवाशेठनी मान वळवून माझी होडी बघितली.

"डावीकडं गाल हाय, चिखलाचा, दिसतं का नाय?" ते ओरडले.

"दिसतंय मला," मी त्यांच्याहून मोठ्यानं ओरडले, आणि सुकाणू वळवलं.